पुण्यात एस्केप रूम: आम्हा आठ जणांचं कसं जमवायचं?

आसरा_चौकातली

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत घरचे सगळे एका दिवसासाठी पुण्याला चाललोय. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळी सहाच्या हुतात्मानं परत. दरवेळी दगडूशेठ, शनिवारवाडा, सारसबाग आणि मग लक्ष्मी रोडवर पिशव्या धरून उभं राहणं, याला पुण्यात शिकणारा आमचा पुतण्या वैतागलाय. या वेळी त्यानं फर्मान काढलंय की सगळ्यांनी मिळून एस्केप रूम करायची. तो स्वतः कधी गेलेला नाही, त्याचे मित्र जाऊन आलेत. म्हणजे आमच्यात अनुभवी असं कुणीच नाही.

मला समजलं ते एवढंच की एका खोलीत जायचं, आत कोडी आणि कुलपं असतात, तासाभरात सगळं सोडवून बाहेर पडायचं.

माणसं अशी: मी, आमचे हे, मुलगी नववीत, मुलगा चौथीत, पुतण्या, नणंद, नणंदेचे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 68, गुडघे दुखतात, पण रमी खेळायला बसल्या की आम्हा सगळ्यांना लोळवतात. 'मी बाहेर बसते, तुम्ही जा' हे त्या अजिबात म्हणणार नाहीत, मी विचारून बघितलं. नणंदेचे मिस्टर अक्कलकोटचे, शिक्षण कन्नड माध्यमात, मराठी फर्डं बोलतात पण इंग्रजी समोर आलं की गप्प होतात. शिवाय त्यांना लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो. हे त्यांना मान्य नाही, तो भाग वेगळा.

तर आठही जण एकत्र जावं की दोन गट करावेत? कोडी सगळी इंग्रजीत असतात का? दार खरंच बाहेरून लावून घेतात का? आणि मुख्य म्हणजे, पैसे वसूल होतात का? माणशी सातशे-आठशे सांगतोय पुतण्या.

नळदुर्ग_प्रेमी

पैसे देऊन कोंडून घ्यायचं आणि मग सुटायची धडपड करायची! पुण्या-मुंबईवाल्यांचं नवं खूळ. एवढ्या पैशात आठ जण गाडी करून नळदुर्गला जाऊन येतील. नर-मादी धबधबा डिसेंबरात वाहत नसेल, पण किल्ल्यातला, बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल कुठं जात नाही. पोरांना तिथं सोडा आणि म्हणा, शोधा खाली उतरायची वाट. फुकट एस्केप रूम. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्या.

टॉवेलवाला

ताई, बिनधास्त जा. काका प्रत्येक धाग्यावर नळदुर्गच सांगतात. उद्या कुणी पासपोर्टचं विचारलं तरी सांगतील.

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागं एका प्रदर्शनासाठी ऑफिसची आणि कारखान्याची काही मंडळी घेऊन पुण्याला गेलो होतो. माझ्या मेहुण्यानं परस्पर एस्केप रूम बुक करून ठेवली. आम्ही सात जण: मी, मेहुणा, अकाउंटंट, डिझाइन बघणारी तीन पोरं आणि आमचे जॉबर मामा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती आणि सेटिंग करणारा माणूस. मामांना आम्ही 'सिनेमाला चाललोय' असं सांगून नेलं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. आठ जणांना एका खोलीत घालू नका. आठ जणांचं बुकिंग घेतात ते, पैसे मिळतात म्हणून घेतात. पण खोलीत एका वेळेला हात घालण्यासारख्या गोष्टी दोन नाहीतर तीन असतात. एका कोड्याला दोन डोकी पुरतात. उरलेली माणसं उभी राहून सल्ले देतात, आणि सल्ले देणाऱ्यांची गर्दी झाली की लग्नघरात आचाऱ्याचं जे होतं तेच इथं कुलूप उघडणाऱ्याचं होतं. आमचं सात जणांत तेच झालं.

थीम जुन्या वाड्याची होती. मधोमध लाकडी पेटी, तिला चार आकडी कुलूप. भिंतीवर खुंट्या, खाली चार फोटोफ्रेमा विस्कटून पडलेल्या. एका बाजूला पुस्तकांचं कपाट. आत गेल्या गेल्या पाच जण पेटीवर तुटून पडले. कुणी म्हणे भिंतीवरच्या घड्याळात जे वाजलंय तो आकडा, कुणी म्हणे कॅलेंडरवरचं साल. अकाउंटंटनं तर शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून ओळीनं आकडे लावायला सुरुवात केली. दहा हजार आकडे होतात. एकेकाला तीन सेकंद धरले तरी आठ तासांच्या वर जातं. हिशेब त्याचा धंदा, आणि हे त्याला मी सांगायचं!

मामा या सगळ्यात नव्हते. ते एकेक फ्रेम उचलून, शर्टाच्या बाहीनं पुसून खुंटीला लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं. खाली पडलेली वस्तू जागेवर लावायची, एवढंच. आधी लावली ती जरा तिरकी वाटली म्हणून काढून दुसऱ्या खुंटीला लावली. चौथी फ्रेम लावली आणि मामा थबकले.

'इकडं काय तर सुटलं.'

कुणी बघितलं नाही.

'सुटलं म्हणतो की रे!'

कपाटाच्या सगळ्यात खालची फळी बोटभर पुढं आली होती. तिच्यामागं निळ्या उजेडाचा टॉर्च, आणि तो टॉर्च भिंतीवर मारल्यावर पेटीचा आकडा दिसला. मामांची हयात मागांच्या खडखडाटात गेलीय. शेडमध्ये सगळे माग चालू असताना कुठल्या मागाचा ठेका चुकला ते दारात उभं राहून सांगतात. ती बारीक 'टक्' त्यांना ऐकू आली आणि बाकी सहा जणांना आली नाही, कारण आम्ही सहाही जण बोलत होतो.

म्हणून म्हणतो, चार-चारचे दोन गट करा आणि एकाच वेळेच्या दोन खोल्या घ्या. आणि नवरा-बायको एका गटात नकोत. तासभर खोली, घड्याळ उलटं चाललेलं, आणि 'मी मगाशीच म्हटलं होतं', हे पुण्याला जाऊन ऐकायचं काय कारण?

भाषेचं म्हणाल तर कोडी बहुतेक इंग्रजीत असतात, पण वाचायचं थोडंच असतं. आकडे, रंग, चित्रं, नकाशे जास्त. मामा सातवी शिकलेत. पोरांनी वाचून दाखवायचं, मामांनी हात लावायचा, असं जमून गेलं. उलट गोंधळ झाला तो आमच्याच भाषांचा. घाई झाली की प्रत्येकजण घरची भाषा काढतो. एक कन्नडात 'इल्ली नोडु' करूलालाय, दुसरा तेलुगूत 'इक्कड चूडु' करूलालाय, दोन्हींचा अर्थ 'इकडं बघ', आणि मी मधे उभा राहून 'अरे पण कुठं बघू' करूलालोय.

सुटलो का? नाही. शेवटच्या दाराचे तीन आकडे हातात होते, चौथा शोधेपर्यंत वेळ संपली. मग तिथल्या पोरानं आत येऊन राहिलेलं कोडं समजावून सांगितलं. मामांना ते आजही पटलेलं नाही. कोडंच चुकीचं होतं म्हणतात.

पैसे वसूल का, तर आमच्या कारखान्यात आजही चहाच्या वेळेला तोच विषय निघतो. आता तुम्हीच ठरवा.

खोलीबाहेरची

हा धागा बघून राहवलं नाही. मी अशोक चौकाजवळची, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली. पुण्यात एम.एस्सी. करताना खर्चासाठी अशाच एका ठिकाणी गेम मास्टर म्हणून काम केलंय. गेम मास्टर म्हणजे बाहेर स्क्रीनसमोर बसून आतल्या मंडळींची फजिती बघायची, आणि फारच अडकली तर मदत करायची. आत कॅमेरे असतात, बहुतेक ठिकाणी माइकही असतो. तेव्हा सासूबाईंबद्दल आत काही बोलू नका.

नळदुर्गवाले काका, खूळ तेवढंही नवं नाही. 2007 साली जपानमध्ये क्योटोत ताकाओ कातो यांनी हा खेळ सुरू केला. त्याआधी कॉम्प्युटरवर माऊसनं खोलीतून सुटायचे खेळ होते, ते त्यांनी खऱ्या खोलीत आणले. पुढे 2011 मध्ये बुडापेस्टला एकानं सुरू केलं आणि मग ते शहर यासाठीच प्रसिद्ध झालं.

टॉवेलवाले दादा, तुमच्या मामांना सांगा, ती 'टक्' खरीच होती. फ्रेमच्या मागे छोटं लोहचुंबक असतं आणि भिंतीत रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप लागणारा स्विच. चारही फ्रेमा आपापल्या खुंटीला लागल्या की सर्किट पुरं होतं आणि फळी धरून ठेवणारी कडी सुटते. आम्हाला बाहेर स्क्रीनवर फळी सरकलेली दिसते, आणि आत लोक तिच्याकडे पाठ करून भांडत असतात. हे रोजचंच. म्हणून ताई, गटात एकाला कामच द्या: थोड्या थोड्या वेळानं खोलीभर नजर फिरवायची, काय हललं, कुठं दिवा लागला, एवढंच बघायचं. तुमच्या सासूबाई याला एक नंबर. रमीत कुठला पत्ता पडला आणि कुठला राहिला हे ज्याच्या डोक्यात पक्कं असतं, तो माणूस इथं सोन्यासारखा. कारण नवखी माणसं सगळ्यात जास्त वेळ घालवतात ती एकदा वापरून झालेल्या वस्तूंवर. किल्ली एका कुलपाला लागली की शक्यतो तिचं काम संपलं. ती त्या कुलपातच राहू द्या. कोड्याचा कागद सुटला की एका कोपऱ्यात ठेवा. आणि सापडलेली वस्तू खिशात टाकू नका, मोठ्यानं ओरडून सांगा. एकदा एकानं छोटी किल्ली सापडल्याबरोबर खिशात घातली आणि विसरला. त्याचा सगळा ग्रुप ती किल्ली शोधत होता, त्याच्यासकट.

आत ताकद लावायची गरज कुठंच नसते. ओढून निघत नसेल तर ते अजून निघायचं नाही, एवढं समजायचं. लोकांनी पंख्याची वायर ओढलेली मी बघितलीय. स्विचबोर्ड, एसी वगैरेला हात लावायचा नाही असे स्टिकर असतात, ते आधी बघून घ्या.

हिंट मागायला लाजू नका. मराठी माणसाला हिंट मागणं म्हणजे उधारी मागण्यासारखं वाटतं, काय माहीत का. पाच-सात मिनिटं एकाच जागी अडकलात की मागा. किती हिंट मिळतात, त्याचा वेळ कापतात का, हे आधी विचारा, ठिकाणागणिक वेगळं असतं. सुरुवातीलाच सांगून ठेवलंत तर मराठीतून देतात. एकदा सोलापूरचाच ग्रुप आला होता. माइकवर ऐकू जातं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी शक्कल लढवली आणि आत तेलुगूत सुरू झाले. 'ही बाहेरची पोरगी चुकीची हिंट देतेय' वगैरे. मी स्पीकरवरून तेलुगूत उत्तर दिलं. दोन मिनिटं आत सामसूम.

खोली निवडताना चौथीतला मुलगा लक्षात ठेवा. भुताची, खुनाची थीम नको. काही ठिकाणी मधेच माणूस येऊन घाबरवतो, ते नाही ना हे विचारा. चोरी, खजिना, ट्रेन, प्रयोगशाळा असलं काही घ्या. लहान मुलं खाली वाकून टेबलाखालचं, खुर्चीखालचं पटकन बघतात, मोठ्यांना ते सुचतच नाही. आणि गुडघ्यांसाठी एक प्रश्न नक्की विचारा: आत कुठं रांगत किंवा वाकून जायचं आहे का? काही खोल्यांत एका भागातून दुसऱ्यात जायला बुटकं दार किंवा बोगदा असतो. खुर्ची मागितली तर आत ठेवतात, आम्ही ठेवायचो.

आसरा_चौकातली

केवढी माहिती! दोन गट नक्की. हा धागा काल रात्री जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मामांचा किस्सा सासूबाईंना फार आवडला. नवरा-बायको वेगळ्या गटात, हे आमच्या ह्यांना जरा जास्तच आवडलं.

नणंदेचे मिस्टर फोनवर ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं: 'आग लागली तर?' सगळे हसले. मला नाही हसू आलं. दाराचं नक्की काय असतं ते सांगा ना.

खोलीबाहेरची

बरं केलं विचारलंत. त्यांना सांगा, आठ जणांतला शहाणा प्रश्न त्यांचा आहे.

4 जानेवारी 2019 ला पोलंडमध्ये कोशालिन नावाच्या गावात एका एस्केप रूममध्ये पाच मुली दगावल्या. सगळ्या 15 वर्षांच्या, एकीचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या. बाहेरच्या खोलीत हीटरच्या गॅस सिलिंडरमधून गळती होऊन आग लागली. तिथला कर्मचारी स्वतः भाजला, त्याला मुलींपर्यंत जाता आलं नाही. मुली गुदमरल्या. संकटात बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. त्यानंतर पोलंडभर तपासण्या झाल्या आणि कितीतरी ठिकाणं बंद करायला लावली.

म्हणून दाराचं नीट समजून घ्या. आजकाल बऱ्याच चांगल्या ठिकाणी तुम्ही आत आलात ते दार खेळभर उघडंच असतं, नुसतं लोटलेलं. खेळ 'सुटायचा' असला तरी तुम्ही कधीही त्या दारानं बाहेर येऊ शकता. जिथं दार बंद करतात तिथं बहुतेक विद्युतचुंबकाचं कुलूप असतं. करंट असेपर्यंत चुंबक दार धरून ठेवतं, करंट गेला की सोडतं. म्हणजे लाइट गेली तर दार उघडायला हवं. पण इन्व्हर्टरवर जोडणी असेल तर लाइट जाऊनही ते धरूनच ठेवेल, म्हणून दाराजवळ आतल्या बाजूला एक लाल बटण असलंच पाहिजे. ते दाबलं की चुंबकाचा करंट तुटतो. आत गेल्यावर कोडी बघायच्या आधी ते बटण कुठंय ते बघा आणि गेम मास्टरला दाबून दाखवायला सांगा. मी स्वतः लोकांना दाबून दाखवायचे. कुणी टाळाटाळ केली, किंवा दाराला नुसतीच बाहेरून कडी दिसली, तर पैसे परत मागा आणि सरळ चहाला जा.

अग्निशामक सिलिंडर आहे का, इमारतीच्या जिन्यात खोकी रचून ठेवलेली नाहीत ना, तेही जाता जाता दिसतंच.

नणंदेच्या मिस्टरांना दाराजवळचं काम द्या. त्यांना आधीच सांगा की मधे बाहेर यावंसं वाटलं तर यायचं, कुणाची परवानगी लागत नाही. बाहेर आले की गेम मास्टरच्या शेजारी बसून स्क्रीनवर उरलेला खेळ बघता येतो का ते विचारा. खरं सांगू, ती जागा जास्त मजेची असते.

टॉवेलवाला

दाराचं आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी विचारणार.

ताई, वेळेचं बघा. हुतात्मा पुण्यात साडेदहाच्या सुमाराला पोचते, कधी अकराही होतात. सव्वाअकराची वेळ घेऊ नका. मधे पोरांना खायला लागणार, सासूबाईंना बसायला लागणार. साडेबारा बरी. उशिरा पोचलात तर तुमचाच वेळ कापतात, कारण मागं दुसरी बॅच उभी असते. तास खेळाचा, त्याआधी नियम सांगण्यात आणि नंतर फोटोत अर्धा तास धरा. दुपारी दोनला मोकळे, मग निवांत जेवण, आणि पाचला स्टेशनच्या दिशेनं निघायचं.

जागा कुठली घेताय ते त्या हिशोबानं ठरवा. बाणेर-बालेवाडीकडची खोली कितीही भारी असली तरी स्टेशनपासून ट्रॅफिकमधून जाऊन परत सहाची गाडी पकडणं म्हणजे तीच मोठी एस्केप रूम. विमाननगरच्या बाजूला घेतलीत तर पुणे स्टेशनवरूनच मेट्रो आहे, रामवाडीला उतरायचं, पुढं रिक्षा. सासूबाईंना जिने नकोत म्हणून लिफ्टनं वर जा. नणंदेच्या मिस्टरांना सरकता जिना.

आसरा_चौकातली

झालं बुकिंग! पुतण्याला बाजूला ठेवून मीच फोन केला. दार फक्त लोटलेलं असतं म्हणाले, लाल बटण आहे म्हणाले, आल्यावर दाबून दाखवतो म्हणाले. एका खोलीत बोगदा निघाला, ती बाद. साडेबाराच्या दोन खोल्या घेतल्या, एक खजिन्याची, एक रेल्वेच्या डब्याची. खजिन्यात सासूबाई, मुलगी, नणंदेचे मिस्टर आणि मी. रेल्वेत आमचे हे, नणंद, पुतण्या आणि चिरंजीव. सुट्टीचा भाव पडला, माणशी साडेआठशे. दोन्ही गटांत पैज लागलीय, हरणाऱ्यांनी परतीच्या गाडीत सगळ्यांना खायला घालायचं.

नळदुर्ग_प्रेमी

साडेआठशे गुणिले आठ म्हणजे सहा हजार आठशे. बघा बुवा.

आमच्या भाच्यासाठी विचारतो, साठीच्या वरच्यांना सवलत असते का?

खोलीबाहेरची

मी होते तिथं नव्हती काका, पण फोन करून विचारा, सोम ते गुरू भाव कमी असतो.

ताई, एक राहिलं. आत जायच्या आधी मोबाइल आणि पर्स लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, त्या भरात लोक चश्मेही ठेवून येतात. खोल्यांत उजेड मुद्दाम कमी असतो आणि खजिन्याच्या खोलीत बारीक अक्षरांचे नकाशे असणारच. सासूबाईंचा वाचायचा चश्मा त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवूनच आत न्या.